कथलाचं नवं

१२ मे २०२४
रवांडा

वहिनी,

पोचलो एकदाचा. परवा फोनवर तुझा आवाज इतका तुटत होता की मला फक्त "जेवलास का" एवढंच ऐकू आलं. म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतोय. तू खिंडीत रेंजला गेलीस की उघडेल. तूही तसंच कर. तुझं अक्षर वाचायची मला शाळेपासून सवय आहे.

विमानातून उतरून गाडीने डोंगरात शिरलो तेव्हा वाटलं, हा ड्रायव्हर मला फिरवून परत पोलादपूरलाच घेऊन आला की काय! तसेच चढ, तशीच लाल माती, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं. फक्त भाताऐवजी केळी आणि घेवडा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी इथे सगळे मिळून रस्ता-गटार साफ करतात, म्हणजे आपल्या गावकीचंच काम. मीही फावडं घेऊन जाणार आहे.

माझं काम पंपांचं. बिरवाडीला खोली घेऊन कंपनीत जे करत होतो तेच. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांत पाणी साठतं ते उपसायचं आणि खाली माती धुवायला पुरवायचं. आता तू म्हणशील, कथलाच्या खाणीत माती कशाला धुतात? कथील म्हटलं की तुला कल्हईवाल्याकडची पांढरी चकचकीत कांडी आठवेल. इथे तसं काही नाही. बोगद्यातून निघतो तो दगड फोडतात, वाहत्या पाण्यात धुतात, हलकं सगळं वाहून जातं आणि तळाला काळपट वाळू राहते. तेच कथील. मूठभर उचललं तर हात खाली जातो, इतकं जड. तू तांदूळ रोळतेस तेव्हा खडे मागे राहतात आणि आपण ते टाकतो. इथे खडे ठेवतात आणि बाकीचं सोडून देतात.

ही वाळू गोण्यांत भरतात आणि प्रत्येक गोणीला तिथल्या तिथे बिल्ला लावतात, कुठल्या बोगद्यातली, कधीची. शेजारच्या देशात अशा मातीवरून लढाया झाल्या आहेत, त्यामुळे बिल्ला नसलेला माल बाहेर कुणी घेत नाही. गोणीचा जन्मदाखलाच म्हण. फाटकावर मुकामाना नावाच्या बाई असतात. उंच, कमी बोलणाऱ्या. बाहेर पडताना सगळ्यांचे खिसे, बूट, डबे बघतात. साहेबाचेही.

एक सांगायचं राहून गेलं होतं. कंपनीला टाळं लागलं आणि मी घरी येऊन बसलो, तेव्हा तू एकदाही "काम बघ" म्हणाली नाहीस. सकाळी चहा पुढे ठेवायचीस आणि गुरांकडे जायचीस. तोंडावर बोलता आलं नसतं, म्हणून आता लिहितो. तुझे उपकार आहेत माझ्यावर.

दीपेश

---

२६ मे २०२४
वाडी

दीपेश, बाळा, सुखात राहा.

पत्र वाचायला खिंडीत गेले आणि तिथेच दगडावर बसून राहिले. म्हशी पुढे गेल्या तेही कळलं नाही. उपकार वगैरे लिहायला कुठे शिकलास? सासूबाई गेल्या तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास आणि मी नवी नवरी. रडायला लागलास की मलाही रडू यायचं. आपण दोघांनी मिळून एकमेकांना मोठं केलं. त्यात कुणी कुणाचे उपकार मानायचे?

तुझा तो काळ्या वाळूचा फोटो बघून आवडीकाकू म्हणाल्या, "ह्ये कथील? पोराला फसवलानी गो! ही तर चुलीतली राख हाय." मी त्यांना रोळायचं समजावून सांगितलं. पटलं नाही, पण चहा पिऊन गेल्या.

आता कामाचं बोलते. तू निघालास त्या दिवशी मी काळकाईला नवस बोलून बसलेय. याचं बस्तान बसू दे, याच्या हाताचं पहिलं तुझ्या पायाशी ठेवीन. मुंबईला लागलेली पोरं पहिल्या पगाराचा नारळ देतात, हेही मुंबईला गेले तेव्हा तसंच करून मोकळे झाले होते. पण तू जमिनीतून काढतोस. भागोजीकाकांना विचारलं, तर देवीपुढे गाऱ्हाणं घालणारा माणूस, विचार करून म्हणाले, "जमिनीतनं निघतंय ना? मंग ती शेतीच हाय. शेतीचं नवं द्यावं लागतंय, नारळावर भागायचा नाय."

भाताच्या पहिल्या लोंब्या आपण देवीला देतो, मग दाराला बांधतो, मग नवा भात ताटात घेतो. तसं तुझ्या त्या वाळूची एक चिमूट काढून ठेव. सुट्टीला येशील तेव्हा घेऊन ये. एवढं कर माझ्यासाठी.

बूट घालून झोपत नाहीस ना?

तुझी वहिनी

---

९ जून २०२४

वहिनी,

चिमूट काढून ठेवतो. इथे जरा कडक आहे, पण चिमूट म्हणजे काय, नखात मावेल एवढी. तू काही मागत नाहीस आणि मागितलंस ते हे, मग नाही कसा म्हणू?

तू अंगारा घालून दिलेली पितळी डबी आहे, तीत ठेवीन.

घाईत आहे. मोठा पंप बिघडलाय.

दीपेश

---

३० जून २०२४

दीपेश,

लावणीला लागलोय. चिखलाच्या हातांनी पत्र वाचू नये म्हणून आधी हात धुतले, एवढा मान दिला तुझ्या तीन ओळींना!

गावकीला यांनी मुंबईहून फोनवरून आणि मी बैठकीत तोंडाने, दोघांनी सांगून टाकलं की यंदा नव्याला देवीपुढे दीपेशचं कथील येणार. सगळे खूश. भागोजीकाका म्हणाले, देवीनं आजवर भात पायला, नाचणी पायली, कथील पैल्यांदा बघंल. आवडीकाकूंनाही आता ती राख वाटत नाही. शेतात चारचौघींना सांगत होत्या, "आमच्या दीपेशचं."

तुझ्यामुळे माझी मान वर झाली, हे सांगायला लाजत नाही मी.

तुझी वहिनी

---

१४ जुलै २०२४

वहिनी,

पत्र मिळालं. मी बरा आहे. इथे हे कोरडे महिने आहेत, पाऊस नाही. सध्या खोलीवरच असतो, पंपांचं काम थोडं थांबलंय. काळजी करू नको. वाडीत कुणाला जास्त काही सांगत बसू नकोस. जेवतो वेळेवर.

दीपेश

---

२० जुलै २०२४

दीपेश,

पंपांचं काम थांबलं म्हणे! डोंगराच्या पोटातलं पाणी तुझी वाट बघत थांबतं का?

आणि मी विचारलं नव्हतं, तरी "जेवतो वेळेवर" असं कशाला लिहिलंस? शाळेत पट्टी खाऊन आलास की तू दारातूनच सांगायचास, आज डबा सगळा संपवला. मला काय कळत नाही?

आधी वाटलं आजारी आहेस. मग वाटलं, तिथे कुणी आवडली असेल. तसं असेल तर लिही, यांची समजूत मी घालीन. पण "वाडीत कुणाला सांगू नकोस" हे वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. बाहेरदेशी गेलास म्हणून वाडीची लाज वाटायला लागली का रे? देवीची चिमूट मागितली, तीही जड झाली असेल तुला. आम्ही इथे अडाणी माणसं, दगडाला पाया पडणारी. तसं असेल तर स्पष्ट लिही. मी गावकीत सांगीन, दीपेश मोठा झाला.

लिहायला बसले होते चार गोष्टी, आणि राग तेवढा लिहून झाला.

वहिनी

---

२४ जुलै २०२४

वहिनी,

लाज वाटत नाही. मी पकडला गेलो.

चिमूट डबीत घातली आणि डबी जेवणाच्या डब्यात ठेवली. फाटकावर मुकामानाबाईंनी ती उघडली. चिमूट बोटावर घेतली, अंगठ्याने चोळली आणि विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, देवासाठी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इथे सगळे बायकोसाठी म्हणतात, आजारी आईसाठी म्हणतात. देवाचं नाव पहिल्यांदा ऐकतेय."

माझ्यामागे उभा होता तो पोरगा म्हणाला, झटकून टाका ना बाई, चिमूटभर तर आहे. त्यांनी झटकली नाही. जे झालं ते तसंच लिहून वर दिलं. तेव्हापासून मी खोलीवर बसून आहे. पंप दुसरा माणूस बघतो.

मला राग आला होता त्यांचा. पण बसून विचार केला, तर त्यांचंच खरं आहे. बिल्ल्याशिवाय एक कण बाहेर जातो असं उद्या कुणाला कळलं तर आख्ख्या खाणीचा माल पडून राहील. या डोंगरावरची कितीतरी घरं त्यावर जेवतात. त्यांचं स्वतःचं घरही.

पुढच्या गुरुवारी, एक तारखेला, चौकशी आहे. चोरी ठरली तर मला परत पाठवतील आणि पुन्हा कुठली एजन्सी मला दारात उभं करणार नाही. वाडीत तोंड कसं दाखवायचं ते कळत नाही. तू सगळ्यांना सांगून बसली आहेस, म्हणून लपवलं.

काल मुकामानाबाई खोलीवर आल्या. म्हणाल्या, खरंच कुणी देवासाठी मागितलं असेल तर त्या माणसाचं म्हणणं लिहून आण. मी ते चौकशीत ठेवीन. याहून जास्त मला करता येणार नाही.

दीपेश

---

२७ जुलै २०२४

मुकामानाबाईंना नमस्कार.

मी दीपेशची वहिनी, रूपाली. दहावीपर्यंत शिकले आहे. शेती आणि म्हशी बघते. ही चिमूट मी मागितली.

आमच्याकडे जमिनीतून निघेल त्यातलं पहिलं देवीचं. त्याला आम्ही नवं म्हणतो. ते दिल्याशिवाय आम्ही स्वतः खात नाही. कारण बी आम्ही पेरतो, पण उगवून ती देते. तिचं आधी तिला द्यायचं आणि मग आपण घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. दीपेश कामावर लागला याचा मला इतका आनंद झाला की मी खाणीलाही शेत समजले.

तिथे माझं चुकलं. शेत आमचं असतं. खाण आमची नाही, तुमची आहे. दुसऱ्याच्या झाडाचं पहिलं फळ तोडून आपल्या देवाला कुणी वाहत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि ऐन वेळी तेच सुचलं नाही.

दीपेशने ते विकायला नेलं नाही. त्याला मला नाही म्हणता आलं नाही. आई गेलेलं पोर आहे, मी मागितलेलं तो कधी टाळत नाही, आणि हे ठाऊक असून मी मागितलं. शिक्षा असेल ती द्या, पण त्याच्या नावापुढे चोर लिहू नका. त्याच्याकडे दुसरं काही नाही, हात आणि नाव एवढंच आहे.

तुम्ही ती झटकून टाकली नाहीत याचा मला राग नाही. माझ्या घराच्या दारात मीही तुमच्यासारखीच उभी राहिले असते.

रूपाली

दीपेश, हे जसंच्या तसं वाचून दाखव. मला सांभाळून घ्यायला जाऊ नकोस. मागचं पत्र फोनमधून पुसून टाक. तुला नको ते बोलले. माझ्या लेकरा, माझ्यामुळे झालं सगळं.

---

४ ऑगस्ट २०२४

वहिनी,

आधी पाणी पी आणि मग वाच. नोकरी राहिली.

गुरुवारी साहेबांपुढे मी तुझं पत्र माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगत गेलो आणि मुकामानाबाई ते त्यांच्या भाषेत सांगत गेल्या. जमिनीतलं पहिलं देवीचं, हे आलं तिथे त्या थांबल्या. मला परत विचारलं, "आधी देवाला आणि मग स्वतः?" मी हो म्हटलं. मग त्या साहेबांशी खूप वेळ बोलल्या. एरवी दिवसभरात जेवढं बोलत नाहीत तेवढं. मला त्यातला एकच शब्द कळत होता, कारण तो सारखा येत होता. उमुगानुरा.

नंतर त्यांनी समजावलं. त्यांच्याकडेही आहे गं नवं! ज्वारीचं पहिलं पीक आलं की आधी कृतज्ञता म्हणून ते सगळ्यांनी मिळून वाटायचं, आणि मगच घराघरात खायला घ्यायचं. फार जुनी रीत आहे, सगळा देश पाळतो. ऑगस्टातला पहिला शुक्रवार, म्हणजे नेमका दुसरा दिवस. साहेब म्हणाले, आज याला हाकलला तर उद्या मी तिथे कुठल्या तोंडाने बसू?

पण नियम तो नियम. सगळ्यांसमोर डबीतली चिमूट काट्यावर ठेवली. काटा हललासुद्धा नाही! तरी मुकामानाबाईंनी रीतसर नोंद केली, चिमूट ढिगात परत टाकली आणि डबी पुसून माझ्या हातात दिली. माझी वर्षभराची सुट्टी रद्द केली आहे. म्हणजे नव्याला नाही, शिमग्यालाही नाही. नावापुढे चोर लिहिलं नाही, "चूक" लिहिलं.

मी बाहेर येऊन भिंतीशी उभा राहून रडलो. कुणी हसलं नाही.

शुक्रवारी मला जेवायला बोलावलं. माळावर सगळा गाव होता. आधी लहान पोरांना दूध दिलं, मग एक म्हातारे काहीतरी बोलले, अगदी भागोजीकाकांसारखे डोळे मिटून, आणि मग ज्वारीचं जेवण. घाटावरच्या लोकांचं खाणं म्हणून मी नाक मुरडायचो, इथे येऊन तेच मुकाट्यानं खाल्लं. मुकामानाबाईंनी एका घासाएवढं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तुझ्या वहिनीच्या देवीचं. हे लपवून न्यावं लागत नाही. मागितलं की मिळतं." देवीपर्यंत कसं पोचवणार? शेवटी पूर्वेकडे तोंड करून मीच खाल्लं. वाडी तिकडेच ना!

मी इथे एकटा आहे असं मला आता वाटत नाही. कुणाकुणाचे आभार मानू? तुझे, त्यांचे, की काळकाईचे?

सोमवारी पंपावर जातोय.

दीपेश

---

१८ ऑक्टोबर २०२४
वाडी

मुकामाना,

पहिल्या पत्रात तुम्ही म्हटलं होतं. आता तू म्हणते. दीपेश हे वाचून दाखवेल, तो अडखळला तर त्याला वेळ दे.

परवा आमचं नवं झालं. सगळी वाडी देवळात जमली. भाताच्या लोंब्या आल्या, काकड्या आल्या, आणि सगळ्यांची नजर माझ्या हातांकडे. आमच्या आवडीकाकू स्वभावाने वाईट नाहीत, पण तोंड आवरत नाही. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कथील आननार व्हतीस ना गो? कुठं हाय?"

मी दोन महिने या घडीला भीत होते. आमचे म्हातारे भागोजीकाका देवीपुढे सगळ्यांचं गाऱ्हाणं घालतात. त्यांना हळूच म्हटलं, काका, माझ्या वतीने तुम्हीच काय ते सांगा. ते म्हणाले, "बाय, बोल तू केलास. मी काय सांगू तिला? तूच सांग." आमच्याकडे बायका उभ्या राहून गाऱ्हाणं घालत नाहीत. मी उभी राहिले.

मी म्हटलं, आई, मी तुला जे बोलले ते माझं नव्हतंच. ज्यांची जमीन त्यांच्याकडे ते परत गेलं. माझ्या पोराला एका बाईने पकडलं, आणि पकडलं म्हणून तो चोर झाला नाही. तिने खरं ते लिहिलं, आणि खरं तेच त्याच्या बाजूनेही बोलली. तिचं नाव मुकामाना. तिच्या घरादाराला, त्या डोंगराला, त्याच्या पोटात उतरणाऱ्या सगळ्या माणसांना सांभाळ. आत गेलेला प्रत्येक जण जेवायला बाहेर येऊ दे.

मग मी हात जोडले. भागोजीकाकांनी "आई, ऐकलंस ना गो" म्हणून गाऱ्हाणं पुरं केलं, आणि सगळी वाडी एका आवाजात "व्हय" म्हणाली. आवडीकाकू सगळ्यात मोठ्याने म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत बसल्या.

गाऱ्हाणं झालं की नव्या भाताचे वाटे घालतात, दर घराला एक. पानं मांडून झाली. भागोजीकाका वाटे घालता घालता थांबले, सगळ्या पानांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "आजून येक पान मांडा. त्या बायचं घर ऱ्हायलं."

पान आलं, त्यावर भात पडला, वर गूळ.

आता तो वाटा न्यायचा कुणी, यावरून गलका झाला. मी म्हटलं माझ्याकडे द्या, पाहुणी माझी आहे. तर आवडीकाकू पुढे झाल्या आणि पान उचललंच. "तुज्या घरात येक वाटा हाय ना? ती येईल तवा येईल. तवर तिचं मी सांबाळते." सांभाळलं म्हणजे काय, देवळाच्या पायरीवर बसून खाल्लं. पुढच्या वर्षीही त्याच नेणार, असं आत्ताच सांगून ठेवलंय.

तेव्हा मुकामाना, आमच्या वाडीत तुझं घर धरलेलं आहे आणि तुझा भात आवडीकाकू खातायत. तो सोडवून घ्यायचा असेल तर तुला स्वतः यावं लागेल. दीपेशला सुट्टी मिळेल तेव्हा त्याच्याबरोबर ये. मी खिंडीपर्यंत घ्यायला येते.

तुझी
रूपाली